एक पाऊल मागे

"सर, एक मिनिट," असं म्हणून मी टेबलापासून एक पाऊल मागे सरले.

मोठ्या डॉक्टरांनी मायक्रोस्कोपवरचे डोळे हलवले नाहीत. हातातला चिमटा त्यांनी रोग्याच्या डोळ्यातून अलगद बाहेर काढला आणि तसाच हवेत धरून ते थांबले. मी मान ताठ ठेवली, दोन्ही हात छातीशी धरले, समोरच्या भिंतीकडे तोंड केलं आणि शिंकले. एकदा, मग पुन्हा एकदा. आता झालं असं सगळ्यांना वाटलं, तेव्हा आणखी एकदा.

ऑपरेशन थिएटरात शिंकण्याचीही एक रीत असते. बाहेर माणूस मान वळवून शिंकतो आणि त्याला सभ्यपणा म्हणतात. आत मान वळवायची नाही. मास्क तोंडासमोर घट्ट आणि गालांकडे सैल असतो, त्यामुळे मान वळवली की शिंक त्या फटीतून थेट शेजारच्या निर्जंतुक हत्यारांवर जाते. म्हणून एक पाऊल मागे, तोंड समोर, आणि जे काय व्हायचं ते मास्कच्या आत. इतक्या वर्षांत मी टेबलावर कधीही मान वळवली नव्हती. त्याचं कुणाला कौतुक नव्हतं. शिंकले, एवढंच सगळ्यांच्या लक्षात राहायचं.

चादरीखालून रोग्याचा आवाज आला. साठीतले गृहस्थ होते. मोतीबिंदूचं ऑपरेशन, भूल फक्त डोळ्यापुरती, बाकी माणूस पूर्ण शुद्धीवर.

"सिस्टर, मलाही होतं हो असं. सकाळी उठलं की सुरूच."

डोळा उघडा टाकून पडलेला माणूस, आणि त्यालाही मला नेमकं हेच सांगायचं होतं.

"बोलू नका, काका," मोठे डॉक्टर म्हणाले. मग माझ्याकडे न बघता, "सिस्टर, बदलून या."

बदलून येणं म्हणजे मास्क, गाऊन, हातमोजे सगळं उतरवायचं, कोपरापर्यंत पुन्हा हात धुवायचे आणि पुन्हा सगळं चढवायचं. तोवर रोगी ताटकळतो, डॉक्टर ताटकळतात, बाहेर बाकावर डोळ्यांत थेंब घालून बसलेली माणसं ताटकळतात. त्या आठवड्यात हे रोज चाललं होतं. आमच्या रुग्णालयाच्या आवारात दोन्ही बाजूंनी झाडं लावली आहेत. ती फुलली की उभ्या गाड्यांवर पिवळी भुकटी साचते आणि येणारे-जाणारे थांबून फोटो काढतात. माझ्या मात्र तेव्हा नाकी नऊ येतात.

दुपारी मेट्रन मॅडमनी बोलावलं. त्या वाईट बाई नाहीत. वाईट असत्या तर बरं झालं असतं, मनातल्या मनात चार शब्द तरी सुनावता आले असते.

"बस," त्या म्हणाल्या. "सर बोलले माझ्याशी."

"काय म्हणाले?"

"तुझ्या कामाबद्दल काही नाही. उलट कौतुकच केलं. पण रोज असं कसं चालेल? काल दोघांना ऑपरेशन न करताच घरी पाठवावं लागलं."

"मॅडम, मी मुद्दाम करते का?"

"असं कोण म्हणतंय? अगं, मलासुद्धा आहे. हे माझं नाक बघ." त्यांनी खरंच नाक पुढे केलं. तळहातानं नाक खालून वर चोळायची सवय असलेल्या माणसाच्या नाकावर, शेंड्याच्या जरा वर, एक आडवी रेघ पडते. मॅडमच्या नाकावर ती ठसठशीत होती. "पण मी टेबलावर उभी नसते ना. उद्याचा दिवस शिंकेशिवाय काढ. नाही जमलं, तर तू बाहेर रोगी तयार करायला ये आणि टेबल धाकटीला दे. तिला येतं आता."

धाकटी म्हणजे आमची नवी सिस्टर. मीच शिकवलेली. हुशार आहे, आणि देवानं तिला कोरडं नाक दिलं आहे.

टेबल म्हणजे काय ते सांगते. मोठे डॉक्टर ऑपरेशन करताना बोलत नाहीत. डोळे मायक्रोस्कोपवर, आणि उजवा हात बाजूला येतो, तळवा वर. त्या तळव्यात पुढचं हत्यार पडायला हवं, बरोबर बाजूनं, बरोबर वेळेला. पडल्यावर हात मिटतो आणि आत जातो. माझ्या हाताखालून हजारो डोळे गेले असतील, पण त्या तळव्याला माझी वाट बघावी लागली नाही. मला दुसऱ्या कशाचा गर्व नाही. स्वयंपाक बेताचा, बोलणं फटकळ, पदर किंवा ओढणी कधी जागेवर नाही. पण हे एक मला येतं. आणि पुढच्या महिन्यात त्याच टेबलावर माझ्या सासूबाईंचा डोळा येणार होता. मी डॉक्टरांच्या बाजूला उभी राहणार, ह्या एकाच अटीवर त्या तयार झाल्या होत्या.

मॅडमच्या खोलीतून निघाले ती थेट खालच्या मजल्यावर, कान-नाक-घसावाल्या डॉक्टरांकडे. त्यांच्या दारात एवढी गर्दी होती की आत शिरायला ओळखीचा वापर करावा लागला. बाकावरचे सगळे सुरसुर करत होते.

"घाबरण्यासारखं काही नाही, सिस्टर," डॉक्टर नाकाशी रुमाल धरून म्हणाले. "चार-पाच माणसांत एकाला तरी असतंच हे. कुणाला परागकणांचं, कुणाला धुळीचं, कुणाला मांजराचं. निम्म्या लोकांना तर आपल्याला अ‍ॅलर्जी आहे हेच माहीत नसतं. आता मला स्वतःला..." आणि ते शिंकले.

मी घाबरले नव्हते. मी वैतागले होते. एखाद्याला जगावेगळा आजार झाला तर सगळे भेटायला येतात, हळू आवाजात बोलतात, जाताना डोक्यावरून हात फिरवतात. तुम्ही शिंकलात तर तीच माणसं स्वतःच्या शिंकेबद्दल सांगत बसतात. एवढ्या लोकांना आहे, म्हणून ते दुखणंच नाही. असा हिशेब मी दुसऱ्या कुठल्याही दुखण्याच्या बाबतीत ऐकलेला नाही.

"मला उद्यापुरतं काहीतरी द्या," मी म्हटलं.

"उद्यापुरतं? हा नाकातला फवारा लिहून देतो, उत्तम आहे. रोज मारायचा. दोन-तीन आठवड्यांत चांगला फरक पडेल."

"डॉक्टर, मी उद्या म्हणाले."

"मग गोळी. झोप न आणणारी देऊ?"

"ती मी घेतेय. माझं नाक तिला खिजगणतीतही धरत नाही."

"मग जुनी गोळी आहेच. पण तिनं गुंगी येते. तुमचं काम उभ्याचं." ते पुन्हा रुमालात शिरले. तिथूनच म्हणाले, "वाफ घेऊन बघा."

वाफ. मी आजवर जेवढी वाफ घेतली आहे तेवढ्यावर एखादं इंजिन चाललं असतं.

घराच्या जिन्यातच नवऱ्याची शिंक ऐकू आली. त्यांची शिंक एकेकटी येत नाही, रांगेनं येते, आणि रांग संपली की ते समाधानानं इकडेतिकडे बघतात.

"अहो, कपाट झाडताना तोंडाला काही बांधा, किती वेळा सांगितलं?"

"अगं, सवय आहे ती माझी. शिंकलं की डोकं कसं मोकळं होतं."

"ती सवय नाही, अ‍ॅलर्जी आहे."

"तुला सगळीकडे रोगच दिसतात," ते म्हणाले आणि पुढची रांग सुरू झाली.

स्वयंपाकघरात मुलगी दुधाचं पातेलं घेऊन उभी होती. "आई, हे नासलंय का बघ ना. माझं नाक बंद आहे."

मी वास घेतला. मलाही काही कळलं नाही. मग तिनं पातेलं बाबांकडे नेलं, त्यांनाही कळलं नाही. चार माणसांच्या घरात दुधाचा वास घ्यायला एक धड नाक नाही. शेवटी चमचाभर पिऊन बघितलं. नासलं होतं.

सासूबाई खिडकीपाशी बसल्या होत्या, मनगटाशी रुमाल खोचून. दिवसभरात तो रुमाल किती वेळा नाकाला लागतो ते त्यांनाही माहीत नाही. समोरचा कप त्यांनी हातानं चाचपून शोधला. मला ते बघवेना, म्हणून मीच तो त्यांच्या हातात दिला.

"आज उशीर?"

"नाकाच्या डॉक्टरांकडे गेले होते, आई. शिंका थांबत नाहीत. टेबलावर फार अडचण होते."

"शिंकांना डॉक्टर?" त्या हसल्या. "आमच्या घरात सगळ्यांचीच नाकं वाहती. ह्याचे वडील शिंकले की शेजारचं बाळ झोपेतून उठायचं. कुणी डॉक्टरकडे गेलं नाही. त्यात काय एवढं? सगळ्यांनाच होतं."

मी दात आवळले. माझ्या आयुष्याचं सगळं सार त्या शेवटच्या दोन शब्दांत आहे. डोकं दुखतं? सगळ्यांचंच दुखतं. थकलीस? सगळेच थकतात. एकदा तरी कुणीतरी म्हणावं, अरे, तुला होतंय का?

"माझी तारीख पक्की ना?" त्यांनी विचारलं.

"पक्की आहे."

"तू डॉक्टरांच्या बाजूला असशील ना? नाहीतर मी यायची नाही. दोनदा तारीख मोडलीये, पुन्हाही मोडीन. माझ्या डोळ्यात काय काय घालणार ते तुझ्या हातून गेलेलं असू दे."

"असेन, आई."

"आणि डोळा उघडा असताना मलाच शिंक आली तर गं?"

म्हणजे मनात भीती होती. नुसतीच 'सगळ्यांना होतं' नव्हतं. मी म्हटलं, "ते बघू आपण तेव्हा," आणि आत जाऊन कपाटातून ती जुनी गोळी काढली.

सकाळी गोळी घेतली. बसमधून उतरले तर झाडं पिवळीधमक, रस्ताभर भुकटी, आणि माझं नाक कोरडं. असा चमत्कार किती तरी वर्षांत झाला नव्हता. टेबलावर उभी राहिले. पहिलं ऑपरेशन झालं, दुसरं झालं. धाकटी दारातून डोकावून गेली. मी तिच्याकडे बघून भुवया उडवल्या.

तिसऱ्या ऑपरेशनच्या आधी मोठे डॉक्टर शिंकले. मायक्रोस्कोप बाजूला सारून, मान चांगली खांद्यापर्यंत वळवून, ऐटीत. सगळं थिएटर हललं. भूलवाले डॉक्टर म्हणाले, "सर, एसी कमी करू का?" मावशी गरम पाणी आणायला धावल्या. सरांनी गाऊन बदलला, हात धुतले, सगळे थांबले, आणि कुणालाही घड्याळ आठवलं नाही.

"हवाच खराब आहे हल्ली," सर म्हणाले.

माझी शिंक असते तेव्हा मी खराब असते. त्यांची आली की हवा खराब. मला इतका संताप आला की त्या भरात थोडी जाग आली, पण ती टिकली नाही. गोळी आता पायांत उतरली होती. दिव्याभोवती कापूस पसरल्यासारखं दिसायला लागलं. मी पायाची बोटं बुटात दाबत उभी राहिले. नाक गप्प होतं. शिंक नाही, पाऊल मागे नाही. मेट्रन मॅडमनी सांगितलेला दिवस अगदी त्यांनी सांगितला तसा चालला होता.

आणि मग मला सरांचा तळवा दिसला.

तो बाजूला आलेला होता, उघडा, रिकामा. कधी आला होता ते मला माहीत नाही. तो तिथे थांबला होता एवढंच मला कळलं, आणि त्याची बोटं जराशी हलली, माणूस अंधारात काही शोधतो तशी. मी घाईनं चिमटा त्यात ठेवला. हात मिटला आणि आत गेला. रोग्याला काही झालं नाही. ऑपरेशन छान झालं. भूलवाले डॉक्टर जाताना म्हणाले, "आज अगदी शांतता होती, सिस्टर."

कपडे बदलायच्या खोलीत मी बराच वेळ स्टुलावर बसून राहिले. कुणाला सांगायची गरज नव्हती. दिवस शिंकेशिवाय गेला होता, टेबल माझं होतं, पुढच्या महिन्यात सासूबाई होत्या. रोज सकाळी एक गोळी, बस. मी पाण्याचे हबके मारले, रडले थोडी, आणि मेट्रन मॅडमच्या खोलीत गेले.

"जमलं की गं!" त्या खुशीत म्हणाल्या.

"उद्यापासून धाकटीला उभं करा."

"का? कुणी काही बोललं?"

"नाही."

"मग? आज तर एकदासुद्धा शिंकली नाहीस."

"शिंक येते तेव्हा मला आधी कळतं, मॅडम. मी मागे सरते. आज हात पुढे आला होता आणि मला कळलंच नाही."

त्या नाक चोळत म्हणाल्या, "अशी गोळी घेऊन मीसुद्धा एकदा..." आणि मी हात जोडले. म्हटलं, "नको, मॅडम. आज नको."

माझं काम आता टेबलाच्या अलीकडचं. रोग्याचं तोंड धुवायचं, थेंब घालायचे, टोपी चढवायची, आत न्यायचं आणि बाजूला स्टूल घेऊन त्याचा हात धरून बसायचं. सगळे मला एकच विचारतात: शिंक आली तर? मी सगळ्यांना तेच सांगते. दाबून धरायची नाही, लाजायचं नाही, माझा हात दाबायचा. पुढचं मी बघते.

महिन्याभरात फवाऱ्याचा गुण आला. नाक खरंच थाऱ्यावर आलं, तेही गुंगीशिवाय. मी मॅडमना जाऊन सांगितलं. त्या म्हणाल्या, "धाकटी आता रुळलीये गं. आणि पुढच्या बहराला तुझं पुन्हा सुरू होणार नाही असं तू लिहून देशील का?" देऊ शकत नव्हते. कुणीच देऊ शकत नाही.

घरी मी काही सांगितलं नव्हतं. नवऱ्याला सांगितलं असतं तर ते जेवताना बोलून मोकळे झाले असते. सासूबाईंनी आदल्या दिवशी पुन्हा विचारलं, "बाजूला असशील ना?" आणि मी म्हटलं, "बाजूलाच असेन." खोटं नव्हतं ते.

दुसऱ्या दिवशी मीच त्यांचं तोंड धुतलं. आयुष्यभर त्यांनी मला कसं धुवावं, कसं पुसावं ते शिकवलं, आणि आता डोळे मिटून, हनुवटी वर करून त्या लहान मुलीसारख्या बसल्या होत्या. चादर चढली, एक डोळा तेवढा उघडा राहिला. मी स्टुलावर बसून चादरीखालून त्यांचा हात धरला. पलीकडे सर, माझ्या मागे उजवीकडे धाकटी, तिच्यापुढे ट्रे. सगळं मीच शिकवलेल्या क्रमानं मांडलेलं.

अर्ध्यावर असताना माझा हात दाबला गेला. एकदा, मग जोरात.

"सर, थांबा," मी म्हटलं. "शिंक येतेय."

सरांनी हत्यार बाहेर काढलं. मी चादरीखाली सासूबाईंच्या वरच्या ओठावर, नाकाच्या अगदी खाली, बोट दाबून धरलं. कधी कधी शिंक तेवढ्यानं परत जाते. ही कसली जातेय? आमच्या घराण्याची शिंक ती.

"शिंका, आई. आता काही होत नाही."

त्या शिंकल्या. सगळे शांत उभे होते. कुणी घड्याळाकडे बघितलं नाही.

"होऊ द्या, आजी," सर म्हणाले. "मलाही होतं."

त्या हसल्या असाव्यात, कारण चादर हलली. सर पुन्हा मायक्रोस्कोपवर वाकले. त्यांचा हात बाजूला आला, तळवा वर. धाकटी त्या गडबडीतून अजून सावरली नव्हती. तळवा थांबला. कुठला चिमटा हवा ते मला बसल्या जागेवरून दिसत होतं. माझा हात उठला, आणि तिथेच अडला. सासूबाईंनी तो घट्ट धरून ठेवला होता.

तेवढ्यात धाकटीनं दिला. सरांचा हात मिटून आत गेला.

"आत्ता दुसऱ्या हातानं दिलंस ते तूच ना गं?" चादरीखालून त्यांनी हळूच विचारलं.

"बोलू नका, आई," मी म्हटलं.